आधी तंबोरा, मग राग

"ताई, शास्त्रीय संगीत आवडतं हो, पण कळत नाही." सांगलीत विश्रामबागेत आमचा शनिवारचा श्रवणवर्ग सुरू झाला तो या एका तक्रारीवर. येणारे चौदा जण, बहुतेक साठीच्या पुढचे. गाणं शिकलेलं त्यात कुणीच नाही.

पहिले दोन शनिवार मी वाया घालवले. फळ्यावर दहा थाट, म्हणजे रागांचे मूळ साचे, लिहिले, वादी-संवादी म्हणजे रागातले मुख्य स्वर समजावले आणि मोबाइलवरचं रेकॉर्डिंग छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर लावलं. तिसऱ्या शनिवारी सातच जण आले. घरी येऊन तोच स्पीकर डोळे मिटून ऐकला. तबल्याच्या जोडीतला घुमणारा डग्गा गायब, तंबोऱ्याची नुसती घरघर. गवई ज्या सुरावर उभा असतो तो सूरच कानावर पडला नाही, तर या माणसांना कळणार तरी काय?

मग भाच्याकडून ॲम्प्लिफायर आणि दोन मोठे स्पीकर आणले. मैफलींची चांगली रेकॉर्डिंग्ज फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातलं काही न गाळणाऱ्या फाइलींमध्ये, विकत घेतली. वर्गात पंखे बंद ठेवले. उकडलं, पण कुणी कुरकुरलं नाही.

त्या दिवशी यमन रागाच्या एका मैफलीची फक्त सुरुवातीची दोन मिनिटं लावली, नुसता तंबोरा. पंचम (प), षड्जाच्या (सा) दोन जोडीच्या तारा, खर्ज (खालचा सा). चार वेळा तेच ऐकवलं. एसटीतून निवृत्त झालेले एक काका म्हणाले, "आत कुणीतरी बारीक आवाजात गुणगुणतंय." माझ्या अंगावर काटा आला. खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा तो स्वयंभू गंधार (ग) होता! पुढे गायिकेने यमनचा गंधार लावला, तो नेमका त्या गुणगुणण्यात जाऊन मिसळला. यमनचा वादी स्वर गंधार, हे मग फळ्यावर लिहावं लागलं नाही.

सम म्हणजे तालाची पहिली मात्रा; ती ओळखायला तर मैफलीच्या रेकॉर्डिंगसारखा गुरू नाही. विलंबित, म्हणजे संथ, एकतालाचं बारा मात्रांचं एक आवर्तन (पूर्ण फेरा) जवळजवळ मिनिटभर चालतं. नवख्याचा हिशेब मध्येच सुटतो. पण समेवर श्रोत्यांतून "वाहवा" येते, तिचं बोट धरून मागे मोजता येतं. स्टुडिओतल्या रेकॉर्डिंगमध्ये ही सोबत मिळत नाही.

नंतर सगळ्यांना घेऊन मिरजेला सतारमेकर गल्लीत गेलो. कारागिराने तारा टेकतात त्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवला आणि मुकी तार एकदम झणझणू लागली. तारेची ही झणझण म्हणजे जवारी. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला (म्हणजे तंबोऱ्याला) भौगोलिक मानांकन मिळालं, ते याच हातांमुळे. वर्गातल्या एका काकूंनी तीनदा धागा काढायला आणि घालायला लावला. कारागिरानेही आनंदाने दाखवलं.

मिरजेहून आल्यावर धीर करून गवई अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी रागातली ठुमरी लावली, 'पिया बिन नाही आवत चैन'. खाँसाहेब मिरजेत राहिलेले, दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं, हे सगळ्यांना माहीत; आवाज मात्र बहुतेकांनी ऐकलेला नव्हता. जुनी तबकडी, जेमतेम तीन मिनिटांची, भरपूर खरखर. पहिल्या दिवशी ही लावली असती तर वर्गच मोडला असता.

संपल्यावर काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ताई, यात तंबोरा ऐकू येत नाही. पण यांचा आवाजच तंबोऱ्यासारखा लागतोय. परत लावा."

त्या दिवशी ती तीन मिनिटं आम्ही सहा वेळा ऐकली.