उंदराला भूल दिली की स्कॅनमध्ये नक्की काय दिसतं?

परवा आईचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी लॅबमध्येच होते, कोलोनमध्ये साडेचारलाच अंधार पडतो सध्या, आणि तिचं जेवण आटपलेलं. तिने विचारलं, अगं उंदराला झोपवलंस तर त्याचा मेंदू बघून काय कळणार? आई, गेले सहा महिने मी ह्याच प्रश्नात अडकलेय!

एमआरआयला मेंदूतल्या पेशी काम करताना थेट दिसत नाहीत, दिसतो तो रक्तातल्या ऑक्सिजनचा फरक, कारण पेशी कामाला लागल्या की तिथे रक्त जास्त वाहतं. जपानी शास्त्रज्ञ सेइजी ओगावांनी १९९० मध्ये हे दाखवलं तेसुद्धा भूल दिलेल्या उंदरांवरच, म्हणजे भूल ह्या विषयाला पहिल्यापासून चिकटलेली आहे. आता आयसोफ्लुरेन घ्या, हे हुंगवून द्यायचं भुलीचं औषध, आमच्याकडे रोजचं. ते पेशींना गप्प करतं आणि वर रक्तवाहिन्याही रुंद करतं, त्यामुळे मेंदूत रक्त आधीच भरपूर वाहत असतं, मग मेंदूचा पंजाचा भाग जागा व्हावा म्हणून पंजाला हलका करंट दिला तरी रक्त वाढायला जागा कुठे? नळ आधीच पूर्ण सोडलेला असला की धार आणखी काय वाढणार, तसं. श्वास मंदावला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो, त्यानेही वाहिन्या रुंदावतात.

माझ्या स्कॅनमध्ये दोन आठवडे पंजाचा ठिपका, म्हणजे करंट दिल्यावर मेंदूत जिथे फरक दिसायला हवा ती जागा, येतच नव्हता, मी इलेक्ट्रोड बदलले, कॉइल (स्कॅनरचा सिग्नल पकडणारा भाग) तपासली, रडकुंडीला आले, आणि शेवटी कळलं की आयसोफ्लुरेन दोन टक्क्यांवर होतं, म्हणजे ह्या कामासाठी जास्तच. उंदराच्या मेंदूबद्दल म्हणून मी जे लिहून ठेवत होते ते खरं तर औषधाबद्दल होतं, ह्याचं मला फार वाईट वाटलं.

आता मेडेटोमिडिन हे दुसरं गुंगीचं औषध वापरतो, ठिपका छान येतो, पण त्याने वाहिन्या आकसतात, हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणजे तेही निर्दोष नाहीच. जागेपणी स्कॅन करायचं तर उंदराला कितीतरी दिवस सवय लावावी लागते, आणि घाबरलेला मेंदू म्हणजे पुन्हा वेगळाच मेंदू. म्हणून माझं ठाम मत झालंय की कोणतं औषध, किती, किती वेळ आधी, शरीराचं तापमान किती, हे न सांगता नुसती रंगीत चित्रं दाखवणं चूक आहे. जनावराने एवढं सोसल्यावर तेवढा प्रामाणिकपणा आपण त्याला देणं लागतो.

स्कॅन संपला की उताऱ्याचं इंजेक्शन, एटिपामेझोल. थोड्या वेळाने आधी मिशा हलतात, मग तो मान उचलतो. तो पिंजऱ्यात नीट चालायला लागेपर्यंत मी घरी जात नाही, आईचा फोन परत आला तरी.