सत्तर यार्डांच्या आतला सराव आणि साडेसातची खिडकी

सरावाची चिठ्ठी देणारी खिडकी सकाळी साडेसातला उघडते आणि हिंजवडीच्या वाहतूककोंडीत अडकायचे नसेल तर मला कार्यालयासाठी तिथून पावणेआठला गाडी काढावी लागते. एवढ्या एका विसंगतीपायी माझा गोल्फमधील जवळच्या फटक्यांचा सराव जवळजवळ एक हिवाळा अडून राहिला होता.

नोकरी सांभाळून खेळणाऱ्याने हाती असलेला थोडा वेळ याच फटक्यांना द्यावा, असे माझे ठाम मत आहे. अमेरिकेच्या पीजीए टूर या स्पर्धामालिकेतील व्यावसायिक खेळाडूसुद्धा नियमित फटक्यांत, म्हणजे शेवटचे दोन फटके हाती राखून, साधारण ६५ टक्केच ग्रीन (होलभोवतीची बारीक कापलेल्या गवताची जागा) गाठतात. म्हणजे दर तिसऱ्या होलला त्यांनाही चिप किंवा पिचवर (ग्रीनजवळून मारलेल्या बुटक्या किंवा उंच छोट्या फटक्यावर) निभावून न्यावे लागते. माझ्यासारख्यावर ती वेळ बहुतेक प्रत्येक होलला येते. शिवाय सत्तर यार्डांच्या आत वेजचा (जवळच्या उंच फटक्यांसाठीच्या काठीचा) पूर्ण स्विंग चालत नाही, हात कुठवर न्यायचा हे मोजून ठरवावे लागते, आणि ते मोजमाप सरावाशिवाय अंगी बसत नाही.

पुण्याबाहेरच्या ज्या रेंजवर (फटक्यांच्या सरावाच्या मैदानावर) मी जातो तिथे रेंजचा काउंटर सकाळी सहाला सुरू होतो. पैसे दिले की चेंडूंची बकेट मिळते. त्यात काहीही अडचण नाही. मात्र तिथे उभे राहायचे ते रबरी मॅटवर, आणि पहिला झेंडा शंभर यार्डांवर. लांबच्या फटक्यांना मॅट चालून जाते, जवळच्या फटक्यांत ती चक्क खोटे बोलते. क्लब, म्हणजे गोल्फची काठी, चेंडूच्या दोन बोटे मागे पडला तरी रबरावरून घसरत पुढे जातो आणि चेंडू छान उडतो. तोच फटका गवतावर मारला तर क्लब मातीत रुततो आणि चेंडू निम्म्या वाटेतच थांबतो.

रेंजच्या मागे, एका बंकरच्या (वाळूच्या खड्ड्याच्या) शेजारी, खास या सरावासाठी राखलेले छोटे ग्रीन आहे. सकाळी तिथे कोणीही नसते, एक रखवालदार सोडला तर. तो बिचारा सौजन्याने सांगतो, "साहेब, मला चिठ्ठी लागते." ही चिठ्ठी रेंजच्या काउंटरवर मिळत नाही, सभासद कार्यालयाच्या खिडकीवर मिळते. तिच्यावर नाव, सभासद क्रमांक, तारीख आणि कारकुनाची सही एवढेच असते, आणि तिला एक रुपयाही शुल्क नाही. जी गोष्ट फुकट द्यायची ती सहा वाजता काउंटरवर बसलेल्या माणसाने का देऊ नये, या माझ्या प्रश्नाला "पद्धत आहे" यापलीकडे उत्तर मिळाले नाही. तक्रारवही मागितली, तर ती त्याच बंद खिडकीच्या आत होती. ईमेल पाठवला, तेव्हा विषय समितीपुढे ठेवला जाईल असे कळवण्यात आले. तो अद्याप समितीपुढेच असावा.

वाट अखेर एका जुन्या कॅडीने (खेळाडूंची क्लबची पिशवी वाहणाऱ्याने) दाखवली. चिठ्ठीवर तारीख असते, वेळ नसते; खिडकी संध्याकाळी साडेसहापर्यंत उघडी असते आणि मागितल्यास दुसऱ्या दिवसाची तारीख घालून मिळते. मी त्या वेळी कार्यालयात असतो, म्हणून संध्याकाळी फिरायला येणाऱ्या एका निवृत्त स्नेह्यांना विनंती केली. त्यांच्याकडे अधिकारपत्र मागण्यात आले. एका फुकट चिठ्ठीसाठी अधिकारपत्र! ते मी वर्षभराच्या मुदतीचे लिहून दिले आणि प्रश्न मिटला. तुमच्याकडे असा अडसर असेल तर वाद घालत बसण्याआधी चिठ्ठीवर नेमके काय छापले आहे ते वाचावे.

आता अर्धा-पाऊण तास निर्वेध मिळतो. त्यातला पहिला भाग मी टॉवेलला देतो. चेंडू जिथे टेकायला हवा तिथे टॉवेल पसरायचा आणि झेंड्याकडे न पाहता टॉवेलवर नेम धरायचा, कारण चेंडू किती घरंगळेल ते आपल्या हाती फारसे नसते, कुठे टेकेल ते असते. पूर्वी नासात संशोधन केलेले प्रशिक्षक डेव्ह पेल्झ यांनी घड्याळाच्या काट्यांवरून स्विंग मोजण्याची पद्धत रूढ केली. डावा हात साडेसात, नऊ किंवा साडेदहाच्या जागेपर्यंत मागे न्यायचा आणि प्रत्येक वेजचे तीन पल्ले पाठ करायचे. वेळ कमी असल्यास दोन वेज आणि नऊची एकच जागा पुरे. माझ्या अनुभवात या एका जागेने बाकी सगळ्यांपेक्षा अधिक फटके वाचवले.

उरलेल्या वेळात एकच चेंडू घ्यावा, दर वेळी वेगळ्या गवतावर टाकावा आणि पट करून (ग्रीनवर हलकेच घरंगळवून) होलमध्ये घालूनच पुढच्या जागी जावे. एकाच ठिकाणाहून ढीगभर चेंडू मारल्याने हात सैल होतो, पण खऱ्या खेळात दुसरी संधी नसते. या ग्रीनवर रेंजचे चेंडू चालत नाहीत, स्वतःचे न्यावे लागतात, आणि हा एक नियम मला पटतो: रेंजचे कडक आवरणाचे चेंडू कमी फिरकी घेतात आणि टेकल्यावर भलतेच लांब पळतात.

दवाबद्दल आधीच सांगायला हवे होते. क्लबचा चेहरा ओला असला की फिरकी घटते, म्हणून प्रत्येक फटक्यापूर्वी तो पुसावा आणि सकाळी दिसलेली घरंगळ दुपारी गृहीत धरू नये. तसेच उन्हाळ्यात जमीन टणक झाली की जास्त बाउन्सचा (तळाला अधिक फुगवटा असलेला) वेज आपटून वर उसळतो आणि चेंडूच्या पोटात बसतो. पावसाळ्यातील मऊ जमिनीत तोच उपयोगी पडतो.

सोमवारची चिठ्ठी मागू नये. त्या दिवशी देखभालीसाठी ग्रीन बंद असते. ही सूचना कोणत्याही फलकावर लिहिलेली नाही, आणि खिडकीवरील माणूस मागितल्यास सोमवारची तारीखही निर्विकारपणे घालून देतो.