पीएलसी प्रोजेक्ट एआय एजंटला वाचायला देताना: डॉक्युमेंटेशनचा माझा अनुभव

पुण्याच्या चाकण-भोसरी पट्ट्यात मशीन ऑटोमेशनची कामं करणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी काम करते. जुन्या मशीनच्या पीएलसीचा, म्हणजे मशीन चालवणाऱ्या औद्योगिक कंट्रोलरचा, प्रोग्राम हातात पडतो तेव्हा तो लिहिणारा माणूस बहुतेक वेळा केव्हाच नोकरी सोडून गेलेला असतो. टॅग (प्रोग्राममधल्या सिग्नलना आणि किमतींना दिलेली नावं) ढीगभर, वर्णन मोजक्याच टॅगना. असे प्रोजेक्ट वाचायला एआय एजंटची, म्हणजे दिलेली साधनं स्वतः वापरून काम करणाऱ्या एआयची, मदत व्हावी म्हणून आमच्या टीमने काही साधनं तयार केली. एक टॅगची यादी देतं, एक रूटीन (प्रोग्रामचा एक भाग) उघडून दाखवतं, एक टॅग कुठे वापरला आहे ते शोधतं. त्यांचं डॉक्युमेंटेशन माझ्याकडे आलं.

सुरुवात रॉकवेल या कंपनीच्या पीएलसीच्या प्रोजेक्टपासून केली, कारण तिथे वाट मोकळी आहे. मूळ एसीडी फाइल बायनरी असते, पण रॉकवेलच्या स्टुडिओ ५००० या सॉफ्टवेअरमधून ती एल५एक्स स्वरूपात बाहेर काढता येते आणि एल५एक्स म्हणजे सरळ एक्सएमएल, वाचता येणारा मजकूर. लॅडर, म्हणजे विद्युत आकृतीसारखा काढलेला प्रोग्राम, सुद्धा त्यात मजकूर म्हणूनच येतो: कॉन्टॅक्टला (अट तपासणारं चिन्ह) एक्सआयसी, कॉइलला (आउटपुटचं चिन्ह) ओटीई आणि कंसात टॅगचं नाव. एजंटशी जोडणी मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलने केली, म्हणजे एआयला बाहेरची साधनं जोडण्याच्या एका ठरावीक पद्धतीने, जी अँथ्रॉपिक या एआय कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुली केली. त्यात प्रत्येक साधनाला नाव, वर्णन आणि इनपुटचा आराखडा दिला जातो. कोणतं साधन कधी वापरायचं हे एजंट त्या वर्णनावरून ठरवतो. त्यामुळे मी लिहिलेलं प्रत्येक वाक्य थेट कामाला लागणार होतं.

खरा प्रश्न पुढे आला तो एका कन्व्हेयरच्या चाचणीत. लाइन सुरू होण्याच्या अटींमधला एक बिट (हो-नाही एवढंच सांगणारा टॅग) कुठून येतो, असं आम्ही एजंटला विचारलं. उत्तर आलं: या टॅगवर प्रोग्राममध्ये कुठेच लिहिलं जात नाही, म्हणून ही अट कधी पूर्ण होणार नाही, ती काढून टाकता येईल. मेंटेनन्सचे वरिष्ठ सर शेजारीच बसले होते. ते म्हणाले, “अगं, तो बिट एचएमआयवरून, म्हणजे ऑपरेटरच्या स्क्रीनवरून, येतो. बॅच बदलताना लाइन रिकामी आहे ना, हे ऑपरेटर बघतो आणि स्क्रीनवर ओके देतो. ती अट काढली तर दोन बॅचचा माल एकत्र होईल.”

साधनात बिघाड नव्हता. फाइलमध्ये जे होतं ते त्याने चोख शोधलं होतं. पण वर्णन एका ओळीचं होतं, “टॅग कुठे वापरला आहे ते शोधतो”, आणि त्या ओळीवरून एजंटने फाइलमधल्या शोधाला संपूर्ण प्लांटचा शोध मानलं. मी ते असं बदललं: “फक्त दिलेल्या फाइलमधले थेट उल्लेख शोधतो. एचएमआय, स्काडा (संपूर्ण प्लांटवर देखरेख ठेवणारी प्रणाली) किंवा दुसऱ्या कंट्रोलरकडून होणारं लेखन दिसत नाही. ॲरेचा इंडेक्स (यादीतला कितवा घटक घ्यायचा तो क्रमांक) प्रोग्राम चालू असताना ठरत असेल तर उल्लेख सुटू शकतात. उल्लेख मिळाला नाही म्हणून टॅग निरुपयोगी ठरवू नये.” शिवाय एल५एक्समध्ये टॅगला एक्सटर्नल ॲक्सेस नावाचा गुणधर्म असतो: रीड/राइट, रीड ओन्ली किंवा नन. तो प्रत्येक उत्तरासोबत यावा असा आग्रह मी धरला. रीड/राइट असेल तर बाहेरून कुणीतरी लिहीत असण्याची शक्यता खुली आहे, हे एजंटला तिथेच कळतं. नंतर तोच प्रश्न विचारला तेव्हा एजंटने एचएमआयचा प्रोजेक्ट मागितला. मला फार बरं वाटलं.

मग प्रत्येक साधनाला मी हाच प्रश्न लावत गेले: याला काय दिसत नाही? सोर्स प्रोटेक्शन (कोड दुसऱ्यांपासून लपवण्याची सोय) असलेली रूटीन सांकेतिक रूपात येते, तेव्हा उत्तरात “संरक्षित” असं स्पष्ट यायला हवं. नुसतं रिकामं उत्तर गेलं तर एजंट रूटीनच रिकामी समजेल. एलियास टॅगसोबत, म्हणजे दुसऱ्या टॅगच्या पर्यायी नावासोबत, मूळ टॅग द्यायला हवा. कॉमेंट आणि कोड वेगळे द्यायला हवेत, कारण कॉमेंटमध्ये ८५ अंशांची मर्यादा असते आणि कोडमध्ये कुणीतरी ९५ करून ठेवलेली असते. कॉमेंटमधला मजकूर ही माहिती आहे, एजंटला दिलेली आज्ञा नव्हे, हेही लिहिलं. “तात्पुरतं बायपास करा” अशा कॉमेंट आपल्याकडे कमी नसतात!

फाइल ही निर्यातीच्या क्षणाची प्रत असते. त्यानंतर चालू कंट्रोलरमध्ये थेट केलेले ऑनलाइन बदल त्यात नसतात, म्हणून निर्यातीची तारीख प्रत्येक उत्तरात येते. साधनांवर “फक्त वाचन” अशी खूण आहे, पण प्रोटोकॉलमध्ये ती खूण केवळ सूचनेपुरती असते, तिने कुणाला अडवता येत नाही. म्हणून एजंटला फाइलची प्रतच द्यायची आणि त्याचं मशीन प्लांटच्या नेटवर्कला जोडायचं नाही, हे मी पहिल्याच पानावर ठळक घातलं.

सीमेन्स या दुसऱ्या कंपनीच्या पीएलसीचा भाग अजून लिहिते आहे. तिथे टीआयए पोर्टल हे सीमेन्सचं सॉफ्टवेअर बसवलेलं लागतं, ओपननेससाठी (बाहेरच्या प्रोग्रामने ते सॉफ्टवेअर वापरण्याची सोय) विंडोजमध्ये त्या युजरला वेगळ्या गटात घालावं लागतं, कंपाइल न झालेला ब्लॉक (प्रोग्रामचा एक भाग) निर्यात होत नाही आणि नो-हाऊ प्रोटेक्शनने लपवलेल्या ब्लॉकमधला कोडही बाहेर येत नाही. न निघालेल्या ब्लॉकची यादी कारणासकट एजंटला मिळाली पाहिजे, तिथपर्यंत काम आलं आहे.