गाणं आधी वाचायचं, मग ऐकायचं

‘मॅडम, दहावीच्या वर्गात सिनेमाची गाणी कशाला? पुस्तकातल्या कविता काय कमी आहेत?’ पालकसभेत हा प्रश्न हमखास येतो. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

कविता कमी नाहीत, आणि त्या मी जीव ओतून शिकवते. पण त्यांचं गाईड मुलांच्या दप्तरात आधीच असतं. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये असं रसग्रहण आयतं मिळतं आणि मुलं कविता न वाचताच तिच्यावर लिहायला शिकतात. गाण्याचं गाईड निघत नाही. शिवाय गाणं आपलं वाटतं, त्यामुळे मागच्या बाकावरचेही बोलतात.

मी बहुतेक वेळा ‘ऐरणीच्या देवा तुला’पासून सुरुवात करते. ‘साधी माणसं’ या १९६५च्या चित्रपटातलं जगदीश खेबुडकरांचं गाणं. संगीत आनंदघन, म्हणजे लता मंगेशकरांचं, आवाजही त्यांचाच. आजीच्या तोंडून का होईना, मुलांनी चाल ऐकलेली असते. म्हणूनच मी गाणं लावत नाही. शब्द फळ्यावर लिहिते आणि एकाला साधं, चालीशिवाय वाचायला सांगते. चालीवर जे निसटून जातं, ते असं वाचताना अडतं.

बोलतंय कोण? ‘लोहार!’ सगळे एकदम. कशावरून? मग कुणी म्हणतं, आवाज तर बाईचा आहे. तो पुरावा चालणार नाही, फळ्यावरचं दाखवा. नजरा ओळींवरून फिरतात आणि ‘धनी मातुर माझा’पाशी थांबतात. लोहाराची बायको बोलतेय. एवढं नक्की झालं की ‘ठिणगी ठिणगी वाहू दे’ या पहिल्या ओळीतली ठिणगीही वेगळी दिसते: लोक देवाला फुलं वाहतात, हिच्या घरात कामातून जे उडतं तेच ही वाहते.

खरी गंमत शेवटच्या कडव्यात. ‘घाव बसंल घावावरी’वर मुलं लगेच लिहितात, ‘आयुष्यात दुःखे येतात.’ मी पुन्हा विचारते, लोहाराच्या घरात घावावर घाव कोण खातं? गेल्या वर्षी एक मुलगी हळूच म्हणाली, ‘ऐरण.’ मग मागणं काय आहे? घाव थांबव असं ती म्हणतच नाही. सोसायला, झुंजायला बळ मागते. ‘म्हणजे तिला देवासारखंच व्हायचंय,’ एकाने मांडलं. दुसऱ्याने लगेच हरकत घेतली: ऐरण सोसते, झुंजतो तो हातोडा, मग ‘झुंजायाला’ कशाला? तास संपल्याची घंटा झाली तरी दोघं भांडत होते, आणि दोघांचीही बोटं फळ्याकडेच होती. मला एवढंच हवं असतं. ‘कशावरून?’ला उत्तर ओळीतून द्यायचं, ही सवय एकदा लागली की पाठ्यपुस्तकातली कविताही मुलं तशीच धरतात, आणि समोर न शिकवलेली कविता आली तरी बिचकत नाहीत.

सगळी गाणी मात्र चालत नाहीत. काहींचा सगळा भार ठेक्यावर असतो. चाल काढली की दुसऱ्या कडव्यात विचारायला काही उरत नाही. म्हणून आधी घरी पेन्सिल घेऊन बसते. मुलांनी आणलेलं रॅपही घेते, अट तीच: आधी शब्द फळ्यावर. दोन तास जातात. ऐरणीचं गाणं दुसऱ्या तासाच्या शेवटी लावते, आणि तेव्हा वर्ग आपणहून गातो.