साबणाची वही

‘ताई, खरं सांगा, ते कैदी मनापासून ख्रिस्ती झाले, की पोटासाठी?’

आफ्रिकेतल्या मलावी देशात तुरुंगात मिशनचं काम करून परतल्यापासून हा प्रश्न मला दोन प्रकारची माणसं विचारतात. एक, आमच्याच चर्चच्या मंडळीतली. रविवारची भक्ती संपली की आवारात गाठून विचारतात. अकरा वर्षं त्यांनी वर्गणी पाठवली, त्यांचा तो हक्कच आहे. दुसरे, बिल्डिंगमधले शेजारी. त्यांना माझ्या कामाचाच संशय येतो. पहिल्यांना ‘मनापासून’ ऐकायचं असतं, दुसऱ्यांना ‘पोटासाठी’. दोघांनाही मी आजवर तोडून टाकल्यासारखं उत्तर दिलं. या वेळी नीट सांगते.

मी नर्स होते, २००८ मध्ये गेले, २०१९ मध्ये आले, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. तुरुंग मात्र ठाऊक नाही. झोंबा हे १९७५ पर्यंत मलावीच्या राजधानीचं गाव. मागे हिरवागार डोंगर, उतारावर ब्रिटिशांच्या काळातले बंगले, आणि त्याच काळातला तो तुरुंग, देशातला सगळ्यात कडक बंदोबस्ताचा. बराकीत माणसं इतकी दाटीने झोपतात की एकाला कूस बदलायची तर अख्ख्या रांगेला बदलावी लागते. १९९६ साली तिथे ९१४ कैद्यांची तपासणी झाली, तेव्हा ४७ जणांना टीबी निघाला होता. मी गेले तेव्हाही खोकल्याचा आवाज फाटकापासूनच यायचा.

जेवण दिवसातून एकदा. न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि त्यासोबत घेवडा नाहीतर नंदोलो. नंदोलो म्हणजे आपली तूर. २०२१ साली आपल्या सरकारने मलावीकडून वर्षाला ५०,००० टन तूर घ्यायचा करार केला. आमटी करताना आता मला दर वेळी तो पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांचा घोळका आठवतो, एका पातेल्याभोवतीचा. तेव्हा ‘पोटासाठी’ हा शब्द इतक्या सहज वापरू नका, एवढं मला शेजाऱ्यांना सांगायचं आहे.

आणि मंडळीला सांगायचं आहे ते साबणाबद्दल.

आमचा बायबलचा वर्ग बारा आठवड्यांचा होता. हजेरीची वही मी ठेवायचे. ज्याची महिन्याची हजेरी पूर्ण, त्याला कपडे धुण्याच्या साबणाची एक वडी. नियम माझा होता. संस्थेने लादलेला नव्हता, पाळकांनीही सुचवला नव्हता. साबण मोजका, माणसं शेकड्यांनी, काहीतरी शिस्त हवी, असं मी स्वतःला सांगितलं. तिथे साबण म्हणजे नुसती स्वच्छता नाही. खरजेने अंग फोडून घेतलेल्या माणसाला तो औषध असतो, आणि नको असेल तर त्याच्या बदल्यात मूठभर पीठ मिळतं. हे मला माहीत होतं. तरी २०१० च्या नाताळात मी तुम्हाला लिहिलं, ‘प्रभूच्या कृपेने यंदा ४१ आत्मे मिळाले.’ ते पत्र इथे चर्चमध्ये वाचून दाखवलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, असं मला फोनवर कळलं. त्या रात्री मी आनंदाने झोपले.

त्या काळात एक मुलगा वर्गाला यायला लागला. एकोणीस-वीस वर्षांचा, याओ जमातीचा. झोंबाच्या आसपासचे याओ बहुतेक मुसलमान, हाही तसाच. एका मारामारीत माणूस मेला होता, खटला उभाच राहत नव्हता, दोन वर्षं हा नुसता वाट पाहत बसलेला. बोटांच्या बेचक्यांत खरूज. पाठांतर मात्र असं की एकदा ऐकलं की म्हणून दाखवायचा. सहा महिन्यांनी म्हणाला, मला बाप्तिस्मा घ्यायचा आहे. नाव काय घेणार, असं विचारलं तर तो माझ्याकडेच पाहायला लागला. मी म्हटलं, याकोब.

का याकोब, ते नाशिककरांना सांगायला हवं. आपल्या शरणपूरला मिशनने गुलामगिरीतून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांची शाळा चालवली होती. तिथे शिकलेला जेकब वेनराइट, जेकब म्हणजे आपला याकोबच, हाही याओच होता. १८७३ मध्ये आफ्रिकेत फिरणारा मिशनरी लिव्हिंग्स्टन वारला तेव्हा त्याच्यासाठी प्रार्थना वाचणारा आणि तिथल्या झाडावर त्याचं नाव कोरणारा तोच. शरणपूरच्या त्या आवारात मी लहानपणी खेळले आहे. त्याच जमातीचा मुलगा माझ्यासमोर उभा, मला भरून आलं. तेव्हा मला एवढंही सुचलं नाही की वेनराइट हे नावही मिशननेच दिलेलं होतं.

२०१३ च्या पावसाळ्यात याकोबला टीबीने गाठलं. औषधं सुरू होती, पण अंगात काही उरलंच नव्हतं. आजाऱ्यांच्या खोलीत जमिनीवर चटई, तिच्यावर तो. मी गेले तर उठून बसायचा प्रयत्न करू लागला. मी म्हटलं, पडून राहा. तो म्हणाला, ‘आई, मला आता वर्गाला येता येत नाही. साबण मिळेल का?’

मी म्हटलं, मिळेल की, हे काय विचारणं झालं. पण माझ्या बोलण्यावर त्याचा विश्वास बसला नसावा. त्याने भिंतीला पाठ टेकली आणि बायबलमधलं तेविसावं स्तोत्र म्हणायला सुरुवात केली. एक ओळ, मग खोकला. मग पुढची ओळ. तो हजेरी भरत होता. पहिल्या ओळीलाच मला ते कळलं. आणि मी त्याला थांबवलं नाही. मी डोळे मिटून ऐकत बसले. मरणाच्या छायेची ओळ आली तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मला ते ऐकायला आवडत होतं. संपूर्ण स्तोत्र झालं, मग मी पिशवीतून वडी काढून त्याच्या हातात ठेवली.

इतकी वर्षं मी याला निरनिराळी नावं दिली आहेत. त्याला त्या शब्दांतून धीर मिळत होता, मी तो का तोडू? असेलही तसं. मरताना माणूस जे म्हणतो ते खोटं कसं म्हणायचं? पण तो मरणाशी बोलत नव्हता, माझ्याशी बोलत होता, आणि बदल्यात वडी हवी होती. की दोन्ही? मला ठरवता येत नाही.

नवव्या दिवशी तो गेला. गावाहून मामा आला. याओंमध्ये आईच्या भावाचाच अधिकार मोठा. शवागाराच्या बाहेर त्याने मला एकच विचारलं, ‘हा तुमचा होता की आमचा?’ आमचे पाळक शेजारीच उभे होते. वहीत नाव होतं, तारीख होती. मी म्हटलं, ‘तुमचा.’ पाळक त्यानंतर कित्येक दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग म्हणाले, तू त्याची साक्ष पुसलीस. ते चूक होते असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्या मुलाने खरोखर प्रभूला धरलं असेल, तर मी त्याला शेवटच्या घडीला नाकारलं.

मामाने मग मयताला आंघोळ घालायला साबण आहे का, असं विचारलं. होता.

पुढच्या महिन्यापासून मी नियम बदलला. साबण फाटकापाशी, सगळ्यांना, वर्गाआधी. हजेरी निम्म्याहून खाली आली. ते मी इकडे लिहून कळवलं, वर्गणीही कमी झाली. बघा, म्हणजे पोटासाठीच येत होते, असं शेजारी म्हणतील. थांबा. अर्धे अजून येत होतेच की. आणि ते तरी कशासाठी? सावली होती, गाणं होतं, कोणीतरी नावाने हाक मारत होतं. ही कारणं पोटापेक्षा पवित्र आहेत का? बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात, पंचविसाव्या अध्यायात प्रभू सांगतो तेव्हा आधी भुकेला येतो, मग तहानलेला, परका, उघडा, आजारी, आणि शेवटी तुरुंगातला. त्याला खायला द्या, त्याच्याकडे जा, एवढंच आहे. धडा पाठ करून घ्या असं तिथे नाही. हा अध्याय मी शाळेपासून पाठ म्हणत आले आहे.

वकिलांचंही सांगायला हवं. २००७ मध्ये तिथल्या न्यायालयाने खुनाला सक्तीची फाशी रद्द केली, २०१५ पासून जुन्या फाशीच्या कैद्यांच्या शिक्षा पुन्हा तपासल्या, आणि शंभरहून अधिक जण सुटले. आम्ही वर्षानुवर्षं प्रार्थना केली, दार उघडलं ते त्यांनी. मग आमचा उपयोग काय? हा प्रश्न तुम्ही विचारत नाही, मीच विचारते. उत्तर म्हणून मला एवढंच दिसतं की कागद हलेपर्यंतच्या त्या सगळ्या वर्षांत दर बुधवारी कोणीतरी जात होतं.

आणि पोटासाठी हा टोमणा मला एवढा का झोंबतो, तेही सांगते. माझी पणजी १९०० च्या दुष्काळात नेवाशाकडून मिशनच्या दारात आली, कडेवर मूल घेऊन. पेज मिळाली, काम मिळालं, वर्षाच्या आत बाप्तिस्मा. जुने ख्रिस्ती तिला दुष्काळी म्हणायचे. ती मनापासून झाली की पोटासाठी? तिने आयुष्यभर जेवणाआधी हात जोडले, आणि माझी आजी सांगायची, कढीपत्त्याखालच्या दगडाला गुपचूप पाणीही घातलं. ती नसती तर मी कोणाच्या पोटी आले असते? आणि तिलाही कोणीतरी वही घेऊन बसून स्तोत्र म्हणायला लावलं असेल का?

ती वही माझ्याकडे आहे, कपाटात. सतराव्या पानावर याकोब, पुढे बाप्तिस्म्याची तारीख, पुढे साबणाच्या खुणा, तो आजारी पडेपर्यंत. शेवटच्या वडीची खूण नाही. गेल्या नाताळात इथल्या पाळकसाहेबांनी मंडळीच्या इतिहासासाठी वही मागितली. देते म्हटलं, अजून दिलेली नाही.