चर खोदायचा भाव सगळे विचारतात, बुजवायचा कोणीच नाही

घराच्या आवारात ड्रेनेजची लाइन टाकायची म्हटलं की नागपुरात पहिला प्रश्न ठरलेला असतो: "जेसीबी तासाला किती?" खोदणं हा या कामातला सोपा भाग. भांडण होतं ते पहिल्या पावसानंतर, जेव्हा बुजवलेली चर अर्धा फूट खाली बसते, वरचे गट्टू, म्हणजे फरसबंदीचे सिमेंटचे ठोकळे, वाकडे होतात आणि ठेकेदार फोन उचलत नाही.

कारण आपली काळी माती. ओली झाली की फुगते, वाळली की आकसून भेगा पडतात. खोदून काढली की तिची डोक्याएवढी ढेकळं होतात. तीच परत चरीत ढकलली की ढेकळांमध्ये पोकळ्या राहतात. वरून सपाट दिसतं, पण पाणी आत शिरलं की ढेकळं विरघळतात आणि सगळं खाली बसतं. पाइपाखाली पोकळी असेल तर पाइपही झुकतो, आणि मग झुकलेल्या जागी दर दोन महिन्यांनी लाइन तुंबते.

म्हणून भाव घ्यायच्या आधी हिशेब स्वतः करा. समजा, घरापासून रस्त्याच्या चेंबरपर्यंत ६० फूट आहे. ११० मिमी पाइपाला साधारण ४० ला १ उतार लागतो, म्हणजे ६० फुटांत दीड फूट. सुरुवातीला खोली दीड फूट धरली तर शेवटी तीन फूट, सरासरी सव्वादोन. रुंदी दोन फूट. ६० × २ × २.२५ म्हणजे २७० घनफूट, १०० घनफुटांचा एक ब्रास धरून २.७ ब्रास. ठेकेदार सरसकट तीन फूट खोली धरून ३.६ ब्रास लावतो, तिथेच पाऊण ते एक ब्रासचा फरक पडतो. शिवाय निघालेली माती सुटी होऊन पाव ते तिसरा हिस्सा जास्त भरते. चरीतली २.७ ब्रास टिपरमध्ये साडेतीनच्या आसपास जाते. मोजमाप चरीचं की टिपरचं, हे आधी बोलून घ्या.

त्याहून आधीचं काम म्हणजे रस्त्यावरच्या चेंबरचं झाकण उघडून आतल्या पाइपाची खोली मोजणं. तो पाइप तुमच्या शेवटच्या टोकापेक्षा वर असेल तर जमिनीतल्या कुठल्याच कारागिरीने पाणी चढणार नाही. उतार "नजरेने" काढणाऱ्याला काम देऊ नका. पारदर्शक लेव्हल पाइप, त्यात बुडबुडा न राहू देता भरलेलं पाणी, दर १० फुटांवर खुंटी आणि दोरी, एवढं तरी हवंच. दोन खुंट्यांमध्ये ३ इंचांचा फरक आला की ४० ला १ जमला.

मशीन आवारात शिरेल का, तेही पाहा. नेहमीचा जेसीबी सव्वासात-साडेसात फूट रुंद असतो. सात फुटी फाटकातून तो जात नाही, आणि ड्रायव्हर हे दारात आल्यावर सांगतो, मीटर मात्र तोवर चालू असतो. मीटर जागेवर पोहोचल्यावर सुरू होणार की निघाल्यापासून, किमान किती तास लावणार, दगड लागला तर ब्रेकरचा भाव काय, हे तीन प्रश्न विचाराच. सेमिनरी हिल्सच्या बाजूला माती पातळ आणि खाली काळा दगड लवकर लागतो. तिथे ब्रेकरचा भाव न ठरवता काम सुरू करणं म्हणजे कोरा चेक देणं. आवार अरुंद असेल तर सरळ मजूर लावा: कुदळ, सब्बल, घमेलं, आणि भाव रनिंग फुटाने.

जमिनीखाली काय गेलंय ते शोधणं मालकाचंही काम आहे. नळाची जोडणी, महावितरणची केबल, गॅस, इंटरनेट. २०२३ मध्ये केंद्र सरकारने 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप याचसाठी आणलं. बकेटचा दात नळाच्या पाइपात अडकला तर पाइप तिथे तुटेलच असं नाही. तो ओढला जातो आणि लांबच्या सांध्यातून निसटतो. गळती चरीत दिसत नाही, आठवड्याने भिंतीपाशी ओल येते. म्हणून ज्या जागी लाइनची शंका आहे, तिथले तीन-चार फूट हातानेच उकरायचे. रस्ता फोडायचा असेल तर तो ज्याच्या ताब्यात आहे, महापालिका किंवा सुधार प्रन्यास, त्याची लेखी परवानगी हवी.

घराच्या पायाला समांतर चर असेल तर पायाच्या तळापेक्षा खोल जाऊ नका. जावंच लागलं तर इंजिनिअरला विचारून आणि लहान लहान तुकड्यांत. काळ्या मातीच्या उभ्या कडा उन्हात भिंतीसारख्या दिसतात, पण मागे भेग पडली की अख्खी फळी सुटते. दीड मीटरपेक्षा खोल चरीला आधाराच्या फळ्या हव्यात. काढलेली माती काठापासून निदान दीड मीटर लांब टाकायची, असं भारतीय मानक ३७६४ सांगतं.

आता बुजवणी. तळाला ४ इंच रेती, त्यावर पाइप, बाजूंनी आणि वर ४ इंच पुन्हा रेती. आपल्या ६० फुटांना साधारण १.२ ब्रास. त्यावर मुरूम, ६-६ इंचांचे थर, प्रत्येक थर ओलावून धुम्मस (माती ठोकून दाबायचं जड हत्यार) मारून. पक्का दीड ब्रास मुरूम बसवायला सुटा दोनच्या आसपास मागवावा लागतो. वरपर्यंत रेतीच भरू नका. काळ्या मातीत रेतीची चर म्हणजे पाण्याचा हौद, आणि ते पाणी पायाकडे सरकतं. वरचा थर घट्ट मुरमाचा, उतार घरापासून बाहेर. काळी माती उचलून नेणं आणि मुरूम आणणं हे दोन वेगळे खर्च भावात लिहून घ्या, नाहीतर "साहेब, हीच माती टाकून देऊ" ऐकायची तयारी ठेवा.

पाइपावरची रेती पसरण्याआधी पाइपाचं खालचं तोंड बंद करून वरच्या चेंबरपर्यंत पाणी भरा आणि अर्धा तास पातळी पाहा. पातळी उतरली तर सांधा आत्ता दिसतोय, तोवर जोडून घ्या. पैशाचा शेवटचा तिसरा हिस्सा धुम्मस झाल्यावरच द्या. काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत काढलं तर माती ना चिखल असते ना मे महिन्यासारखी दगड, आणि पावसाआधी चर बसली तर वरून मुरूम घालायला वेळ उरतो. गट्टू त्यानंतर लावा.