निळसर राखाडी: मागच्या खोलीचा रंग ठरला

पुट्टी घासून झाली, प्रायमर बाकी आहे. तेवढ्यात शेड पक्की केली. शेडकार्डावर उरलेल्या तिन्ही शेड सख्ख्या बहिणींसारख्या दिसत होत्या. बोटभर कागद बघून मोठा डबा उचलू नये, हे इथे कुणाला सांगायला नको.

बर्डीच्या बाजारातून सॅम्पलचे छोटे डबे आणले आणि मोठे पुठ्ठे रंगवले. दोन हात मारून पूर्ण वाळू दिले, कारण ओला इमल्शन, म्हणजे भिंतीचा पाण्यातला रंग, फिका दिसतो. कडेला पांढरी पट्टी सोडली. जुन्या पिवळ्या भिंतीला लागून कुठलाही राखाडी उगाच निळा वाटतो.

खिडकी उत्तरेची, खाली कोटा फरशी, बाहेर कडुनिंब. पहिली शेड सकाळी झकास, पण दुपारी फरशीची आणि पानांची झाक घेऊन चक्क शेवाळी झाली. तिसरी सगळ्यात गडद. तिचा एलआरव्ही, म्हणजे ० काळा आणि १०० पांढरा धरून उजेड परतवण्याचा आकडा, बाकी दोघींपेक्षा बराच कमी. कार्डावर मला तीच जास्त आवडली होती.

पण आपल्याकडे कूलर आहे ना! मार्चपासून तो खिडकीत बसला की निम्मा उजेड गेला, उरलेला गवताच्या जाळीतून भुरकट होऊन येतो. म्हणून खिडकीच्या खालच्या भागाला जुनी कूलरची ताटी टेकवली आणि पुठ्ठे परत कोपऱ्यात उभे केले. गडद शेड सिमेंटसारखी मेली. मधली तरली. तिच्यात किंचित जांभळी झाक आहे, ती फरशीचा हिरवटपणा खाऊन टाकते.

रात्रीची अडचण मात्र मधलीचीच: ३००० केल्विनच्या (उजेड पिवळट की निळसर याचं माप) पिवळ्या बल्बखाली ती वांगी रंगाकडे झुकते, ६५००च्या ट्यूबखाली दवाखाना. ४०००चा बल्ब लावला तर नीट बसते. शेड बदलण्यापेक्षा बल्ब बदलणं स्वस्त.

आता सगळे डबे एकाच वेळी टिंट करून, म्हणजे शेडचा रंग मिसळून घेणार आणि मोठ्या बादलीत एकत्र ढवळणार, म्हणजे भिंतीच्या मधोमध फरक नको. छत साधं पांढरं. मॅट की हलकी चमक, एवढंच राहिलंय. खिडकीच्या भिंतीवर पुट्टीच्या लाटा तिरक्या उजेडात दिसतात, त्यामुळे माझा कल मॅटकडे आहे. घरचे म्हणतात पुसायला त्रास होईल.